डाव्या गालावरचा प्रयोग

मी माणसांना गाडी चालवायला शिकवतो. त्यामुळे मला कशाचीच भीती वाटत नाही, असं माझ्याबद्दल लोकांचं मत आहे. ते मत मीच पसरवलेलं आहे. भररस्त्यात ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारी माणसं शेजारी बसवून मी शांतपणे "हं, आता दुसरा पाय" म्हणतो. अशा माणसाला गालावरच्या चार डागांचं काय विशेष? एका दुपारचं काम, असं मी ठरवलं होतं.

ती दुपार संपता संपता माझ्या शोधात एक गाडी, एक शिट्टी आणि अर्धं कुटुंब रस्त्यावर उतरलेलं होतं.

तर आधी गालाबद्दल. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो आणि मास्तर डावीकडे, खिडकीला चिकटून. माझी सगळी नोकरी त्या खिडकीपाशी गेली. ऊन रोज आत यायचं आणि सरळ माझ्या डाव्या गालावर बसायचं. उजवा गाल आईने दिला तसाच राहिला. डाव्यावर मात्र आधी एक वांग आला, मग त्याचे नातेवाईक आले आणि शेवटी त्यांची वसाहत झाली. समोरून पाहिलं तर दोन वेगवेगळ्या माणसांचे फोटो मधोमध कापून चिकटवल्यासारखा मी दिसायचो. ओळखीचे लोक मला उजवीकडून ओळखायचे आणि डावीकडून "काय हो, तब्येत बरी नाही का?" विचारायचे.

आणि त्या सगळ्या काळपटपणात, कानशिलाच्या जरा खाली, एक ठिपका होता. मिरीच्या दाण्याएवढा, हाताला किंचित उंच लागणारा. त्याच्याबद्दल मी कुणाकडेच बोललो नव्हतो. दाढी करताना मी त्याला वळसा घालून जायचो आणि तेवढ्यापुरता आरशातून नजर काढून घ्यायचो. माझी बायको औषधांच्या दुकानात काम करते. तिच्या कानावर घातलं असतं, तर त्याच संध्याकाळी तिने मला डॉक्टरपुढे नेऊन बसवलं असतं. आणि डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला असता तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं माझं चाललं होतं. रस्त्यावर लोकांना आरशात बघा, आरशात बघा म्हणून ओरडणारा माणूस मी.

हे असंच चाललं असतं, पण ताईने नवी गाडी घेतली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ड्रायव्हिंग स्कूल तिचं, मी तिच्याकडे नोकरीला. लहानपणी ती माझे कान धरायची, आता पाळ्या लावते. ऑफिसात टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे टक लावून बघत ती म्हणाली, "नव्या गाडीच्या दारांवर तुझा फोटो छापायचाय. हसरा. लोकांना विश्वास वाटला पाहिजे."

"छापू की," मी म्हटलं. आतून बरं वाटलं होतं.

"परवा फोटोग्राफर येतोय. तेवढं तोंड जरा एकसारखं करून ये."

"एकसारखं म्हणजे?"

"म्हणजे दोन्हीकडून तूच वाटशील असं."

मी ताडकन म्हटलं, "होऊन जाईल. त्यात काय?"

आता योगायोग असा, की त्या दिवशीच्या पुढच्या शिकाऊ होत्या रोपवाटिकेच्या काकू. या काकूंची आमच्या भागात मोठी रोपवाटिका आहे. कुठल्याही विषयावर बोलायला लागल्या तरी शेवटी त्या कुंडीपाशीच येतात. गाडी मात्र त्यांना काही केल्या वश होत नव्हती, कारण बोलताना त्या हातवारे करतात आणि हातात स्टिअरिंग असतं.

गाडी गल्लीतून बाहेर काढता काढता त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या गालाला उन्हाने खाल्लंय."

"काकू, समोर बघा."

"समोरच बघतेय. काही लावता का?"

"काय लावू? आणि तिसरा टाका आता."

"ज्येष्ठमधाची पूड," त्यांनी तिसऱ्याऐवजी पहिला टाकला आणि गाडीने उसासा टाकला. "ज्येष्ठमध, कोरफडीचा गर, आणि आंबेहळद चिमूटभर. चिमूटभरच हं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायचं. चुरचुरलं नाही तर गालावर. आणि घाई करायची नाही. दोन दिवसांत काही होत नसतं, महिने लागतात. झाड आपल्या वेगाने काम करतं, आपल्या नाही."

मी मनात टिपून घेत होतो: ज्येष्ठमध, कोरफड, हळद. महिन्यांचं मी टिपलं नाही. फोटो परवा होता.

"आणि लिंबू," काकू म्हणाल्या, आणि नेमका त्याच क्षणी समोरच्या वळणावरून काँक्रीट कालवणारा एक अजस्र ट्रक आमच्यावर चालून आला.

"ब्रेक, काकू. ब्रेक. डावा नाही, मधला."

शेवटी माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबला. गाडी ट्रकच्या नाकासमोर हिसका देऊन बंद पडली. ट्रकवाल्याने भोंगा दाबला तो दाबूनच धरला. त्या आवाजात काकू माझ्याकडे वळून, बोट नाचवत, आपलं वाक्य पुरं करत होत्या. मला त्यांचे ओठ तेवढे दिसत होते.

भोंगा थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कळलं ना?"

"कळलं," मी म्हटलं. लिंबूसुद्धा घालायचं. एवढं न कळायला काय झालं?

जाताना त्यांनी रोपवाटिकेतून मला एक पिशवी दिली. तिच्यात ज्येष्ठमधाची पुडी होती आणि माझ्या हाताएवढं लांब कोरफडीचं पान. आंबेहळद त्यांच्याकडे तेव्हा संपली होती.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. बायको दुकानात गेलेली. सासरेबुवा त्यांच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झालेले. सासरेबुवा आमच्याकडेच असतात. अग्निशमन दलातून निवृत्त झाले, पण दल काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. घरात दूध उतू गेलं तरी ते आधी खिडक्या उघडतात, मग माणसं मोजतात. त्यांची शिट्टी अजून उशाशी असते.

ते उठायच्या आत मला सगळं उरकायचं होतं. पुरुषाने दुपारी स्वयंपाकघरात बसून तोंडाला लावायचा लेप वाटावा, याला त्यांच्याकडे कुठलं नाव असतं कोण जाणे.

आंबेहळद घरात नव्हती. डब्यात साधी हळद होती. हळद ती हळद, आडनावात काय आहे? चिमूटभर म्हणाल्या होत्या, पण त्या महिन्यांच्या हिशेबाने म्हणाल्या होत्या. मला एका दुपारीत आटपायचं होतं, म्हणून मी चमच्याने घातली आणि चमचा जरा उदार होता. कोरफड सोलताना निम्मी फरशीवर सांडली. तिच्यावरून घसरत जाऊन फ्रिज उघडला आणि त्यातलं सगळ्यांत रसदार लिंबू पिळलं, सालीसकट किसलं, काही म्हणजे काही वाया घालवलं नाही. मिक्सरमधून जे बाहेर आलं ते भिंतीच्या भेगा बुजवायच्या लांबीसारखं होतं. दिसायला भडक आणि वास असा की माशा लांबून बघून परत जाव्यात.

कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायची सूचना मला आठवली. पण दिवसभर थांबलो असतो तर बायको आली असती.

मी लेप फक्त डाव्या गालाला लावला. उजव्या गालाची काहीच तक्रार नव्हती, त्याला उगाच कशाला त्रास? कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीपर्यंत मी एक सरळ रेघ राखली. लेन सोडायची नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. ठिपक्यावर जरा जाडच थर दिला. तो झाकला गेला तेव्हा मला उगाच हलकं वाटलं. मग लेप लवकर वाळावा म्हणून बाल्कनीत खुर्ची टाकली, डावा गाल उन्हाकडे केला आणि डोळे मिटले.

झोप लागली.

जाग आली ती गालाने हाक मारल्यावर. चामड्याची पिशवी कुणीतरी ओढून शिवावी तशी डावी बाजू ताणलेली होती आणि आत चरचर सुरू झाली होती. मी धावत बाथरूममध्ये गेलो आणि लेप पाण्याने खरवडून काढला. वर बघितलं.

रस्त्याच्या कडेला 'गाडी उभी करू नका' सांगणारा पिवळा पट्टा असतो ना, त्या रंगाचा माझा अर्धा चेहरा झाला होता. अर्धाच. नाकावरची रेघ इतकी सरळ होती की एखाद्या पेंटरने शाबासकी दिली असती.

मी साबण घेतला आणि जोर लावून घासायला सुरुवात केली. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे शाळेत शिकवलेलं असणार, पण मी त्या दिवशी गैरहजर असणार. माझ्या हातातला फेस बघता बघता लाल झाला. बेसिनमध्ये लाल ओघळ, गालावर लाल फेस, हनुवटीवरून लाल थेंब. मी घाबरून तोंड उघडलं आणि फेस आत गेला.

नेमके तेव्हाच दारात सासरेबुवा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बेसिनकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की काही नाही, काही नाही. पण तोंडात साबण असला की ओठ पुरते मिटतही नाहीत, उघडतही नाहीत.

"आई, आई," असं बाहेर पडलं.

"जावईबापू," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जागेवरून हलू नका." आणि वळून फोनकडे गेले. पायांत तीच जुनी चपळाई.

बाहेरच्या खोलीत ते बायकोशी बोलत होते हे मला नळाच्या आवाजातून अर्धवट ऐकू येत होतं. मला वाटलं, माझी चहाडी चालली आहे. पुढे बायकोकडून कळलं की तिला मिळालेला निरोप असा होता: "चेहरा अर्धा पिवळा, म्हणजे कावीळ. तोंडाला लाल फेस. वाचा गेलेली. आईला हाका मारतोय. तू नीघ, मी परिस्थिती सांभाळतो." हा निरोप तिने गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर, एका हातात खोकल्याच्या औषधाची बाटली धरून ऐकला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त एवढंच ताडलं की बायको येणार. ती यायच्या आत या पिवळ्याचं काहीतरी करायला हवं, आणि ते करू शकणारी एकच व्यक्ती मला माहीत होती. मी तोंड धुतलं, गळ्याभोवतीचा पंचा गालावर गुंडाळला, वर हेल्मेट चढवलं आणि मागच्या जिन्याने उतरून स्कूटरला किक मारली.

सासरेबुवा दरम्यान माळ्यावरची घडीची खाट काढत होते. रुग्णाला आडवं ठेवूनच हलवायचं असतं म्हणे. खाट ओढत ते बाथरूमपाशी आले, तर आत लाल शिंतोड्यांचं बेसिन, चालू नळ आणि माणूस गायब. मागचं दार उघडं. मग त्यांनी खिडकीत उभं राहून शिट्टी वाजवली. ती मी कोपऱ्यावर असताना ऐकली आणि मला वाटलं, वाहतूक पोलीस. मी वेग वाढवला.

रोपवाटिकेत काकू झारी घेऊन रोपांच्या वाफ्यांमध्ये उभ्या होत्या. मी हेल्मेट काढलं. पंचा सोडला. काकूंच्या हातातली झारी तशीच तिरकी राहिली आणि सगळं पाणी त्यांच्या स्वतःच्या पायांवर पडत राहिलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मी हे सांगितलं? कुठली हळद घातलीत?"

"घरातली."

"किती?"

मी बोटांनी दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. मग जवळ येऊन वास घेतला आणि डोळे उघडले.

"हा लिंबाचा वास का येतोय?"

"तुम्हीच म्हणालात, लिंबू."

"मी म्हटलं, लिंबू चुकूनसुद्धा लावायचं नाही. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, वर आणखी काळे डाग पडतात. बोट नाचवून सांगितलं होतं तुम्हाला."

"तेव्हा भोंगा वाजत होता."

"मग कळलं असं का म्हणालात?"

मी रोज माझ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारतो.

"उन्हात तर गेला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"गेलो नाही," मी म्हटलं. "बसलो होतो. झोपलो होतो, खरं तर."

काकूंनी मला एका उलट्या घातलेल्या कुंडीवर बसवलं. आतून खोबरेल तेल आणि कापूस आणला आणि पुसायला घेतलं. पुसताना त्यांचा हात इतका हलका होता की वाटलं, गाडी चालवताना हा हात कुठे जातो? पिवळा रंग हळूहळू कापसावर उतरू लागला. खालून जे निघालं ते लाल आणि सुजलेलं होतं, पण निदान माणसाचं होतं. मला जरा धीर आला. आणि मग कानशिलाच्या खाली येऊन कापूस थांबला.

"हा ठिपका कधीपासून आहे?"

"असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे?"

मी समोरच्या रोपांकडे बघत बसलो. काकूंनी कापूस खाली ठेवला.

"कुणाला दाखवलाय?"

मी मान हलवली.

त्या काही रागावल्या नाहीत. शेजारची एक कुंडी उचलून त्यांनी पान उलटं करून मला दाखवलं. "पानावर असा काही ठिपका दिसला की मी कुंडी बाजूला काढते."

"टाकून देता?"

"टाकून कशाला? आधी नीट बघते. कितीतरी वेळा नुसती माती असते." त्यांनी अंगठ्याने पानावरचा ठिपका पुसला. ती मातीच होती. "पण बघितल्याशिवाय कसं कळणार?"

हे बोलणं गालाला लेप लावण्यापेक्षा जास्त चरचरलं. मी काही बोलणार, एवढ्यात फाटकाबाहेर करकचून ब्रेक लागला आणि शिट्टी वाजली.

आधी सासरेबुवा उतरले. मग ताई, तिला बायकोने फोन करून गाडीसकट बोलावलं होतं. आणि मग बायको, दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात, केसात पेन खोचलेलं. घरी पोचल्यावर तिने स्वयंपाकघर बघितलं होतं. मिक्सरचं भांडं, हळदीचा उघडा डबा, लिंबाच्या बिया आणि रोपवाटिकेचं नाव छापलेली पिशवी. त्यावरून तिला सगळा उलगडा झाला होता. म्हणजे दुकानापासून घरापर्यंत ती रडत आली होती आणि घरापासून इथपर्यंत चिडत. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा हे दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी होतं.

ती माझ्यासमोर उभी राहिली. "आई आई म्हणून हाका मारत होतात?"

"काही नाही म्हणत होतो. तोंडात साबण होता."

ताईने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. सासरेबुवा मात्र जवळ येऊन माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत होते. "कावीळ उतरतीला लागलेली दिसते," ते म्हणाले.

"बाबा, हळद आहे ती," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला काही अक्कल? मी किती वेळा म्हटलंय, उन्हात जाताना क्रीम लावत जा. एका दिवसात चेहरा बदलायला निघालात. मला वाटलं, तुम्ही..." आणि ती मध्येच थांबली.

काकू हळूच म्हणाल्या, "बाई, इकडे एक बघून घ्या."

बायकोने वाकून बघितलं. तिचा सगळा राग जागच्या जागी बंद पडला, चढावर गाडी बंद पडते तसा. मला राग परवडला असता.

"कधीपासून आहे हा?"

"बरेच महिने," मी म्हटलं.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू लगेच डॉक्टरकडे नेलं असतंस."

"हो."

"म्हणूनच."

तिने माझा दंड धरला आणि मला कुंडीवरून उठवलं. "चला," एवढंच म्हणाली.

गाडी ताई चालवत होती. मला मागे मध्ये बसवलं होतं, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासरेबुवा, दोघांनीही माझा एकेक हात धरलेला. आरोपीला नेतात तसं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ताई, उद्याच्या फोटोचं काय?"

"तुला त्या फोटोपायी एवढं करायची गरज काय होती? फोटो उजवीकडून काढला असता."

हे मला सुचलंच नव्हतं.

"पण तू म्हणालीस, तोंड एकसारखं करून ये."

"अरे, दाढी करून ये म्हणत होते मी. एका बाजूला नेहमी राहते तुझी. त्या ठिपक्याभोवती, आता कळलं," ती म्हणाली, आणि तिनेही आरशातून नजर काढून घेतली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाहेर चांगलीच गर्दी होती. सासरेबुवांनी बसल्या बसल्या शेजारच्या गृहस्थांना सगळी हकिकत सांगितली, लाल फेसासकट. ती ऐकून एका बाईंनी आपली खुर्ची जरा पलीकडे सरकवली. माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा सगळ्यांनी अंग चोरून मला वाट दिली.

डॉक्टरीणबाईंनी आधी गाल बघितला. "काय काय लावलंत?"

मी सांगत गेलो. ज्येष्ठमध म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, कोरफडीलाही डोलावली. हळदीला भुवई उचलली. लिंबू आणि बाल्कनी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हीही वापरतो," त्या म्हणाल्या. "पण मोजून, मापून, क्रीममध्ये, आणि रोज थोडं थोडं. लिंबाने आणि उन्हाने मिळून हा गाल भाजलाय. बरा होईल. मात्र आधी आणखी काळा होईल, मग हळूहळू उतरेल. गाडीच्या काचेतूनही ऊन काम करतं, तेव्हा यापुढे सनस्क्रीन लावल्याशिवाय त्या सीटवर बसायचं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. त्यात सगळं आलं.

"आणि डॉक्टर, हा ठिपका," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावलेलं एक भिंग काढलं आणि माझ्या गालाला टेकवलं. भिंग इकडे झालं, तिकडे झालं, परत मधोमध आलं. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत परीक्षक काही न बोलता नुसतं समोर बघत बसतो, तेव्हा आमचे विद्यार्थी घाम पुसत माझ्याकडे का बघतात, हे मला त्या खुर्चीत कळलं. मी बायकोकडे बघत होतो. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली होती, आणि तरी मला वाटत होतं, तिने आणखी घट्ट धरावा.

डॉक्टरीणबाईंनी भिंग बाजूला केलं.

"घाबरण्यासारखं काही नाही. हा साधा मस आहे. वयाबरोबर येतात असे."

"नक्की?" हे बायकोने विचारलं.

"नक्की. निरुपद्रवी आहे. आणखी येतील. पण कुठला बदलतोय, खाजतोय, रक्त येतंय असं वाटलं तर असं लपवत बसू नका, सरळ या."

"म्हणजे मला..." मी म्हटलं.

"म्हणजे तुमचं वय झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

तुमचं वय झालंय, हे वाक्य ऐकून इतका आनंद झालेला माणूस त्यांनी बहुधा त्याआधी पाहिला नसेल. मला उठून नाचावंसं वाटलं. मी हसायला लागलो. हसताना गाल भाजत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या पाण्यात गालावरचं तेल मिसळून ते सगळं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर टपकत होतं. त्यांनी कापसाचा गठ्ठा पुढे केला. बायकोने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझा हात सोडून त्याच हाताने माझ्या दंडाला एक सणसणीत चापट मारली. मग तिचं बोलणं सुरू झालं. बंद पडलेली गाडी एकदम चालू व्हावी तसं, चौथ्या गिअरमध्ये.

"आणि कावीळ?" दारातून सासरेबुवांनी विचारलं. ते केव्हा आत आले होते कोण जाणे.

"कावीळ अर्धी होत नाही, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासरेबुवा थोडे हिरमुसले. पण मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बाहेर येईपर्यंत काढला नाही. एवढ्या आगी विझवलेला माणूस.

बाहेर सगळे आमच्याकडेच बघत होते. ताई उभी राहिली. तिने नुसत्या भुवया वर केल्या. मला राहवेना. मी भर दवाखान्यात, अर्ध्या पिवळट, अर्ध्या लालभडक गालाने सांगून टाकलं, "काही नाही, ताई. माझं फक्त वय झालंय."

खुर्ची सरकवून बसलेल्या बाई पहिल्यांदा हसल्या. ताई मटकन खाली बसली आणि पदराने वारा घ्यायला लागली. तिचा चेहरा एवढा वेळ किती पांढरा पडला होता, ते तो परत रंगावर आल्यावर मला दिसलं.

बायको चपला घालत होती.

"एवढंच होतं तर मला विचारायचं," ती म्हणाली. "घरबसल्या सांगितलं असतं."